सुयादी, त्यांचा उन्यिल आणि या संचातल्या बाहुल्या

या संचात दोन हातमोजा बाहुल्या आहेत: एक शाळकरी मुलगा आणि एक झुपकेदार मिशांचे आजोबा. ही जोडी निवडताना आमच्या डोळ्यांसमोर होते इंडोनेशियाचे बालसाहित्यकार, चित्रकार आणि बाहुलीकार सुयादी. त्यांचे काम समजून घेतले की बाहुली कशी बोलवायची हे निम्मे कळते, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

सुयादींचा जन्म २८ नोव्हेंबर १९३२ चा, पूर्व जावातल्या जेम्बेर भागातील पुगेर गावचा. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेत ते चित्रकला शिकले आणि १९६१ ते १९६३ या काळात फ्रान्समध्ये त्यांनी ॲनिमेशनचे शिक्षण घेतले. परतल्यावर मुलांसाठी चित्रपुस्तके केली. शब्दही त्यांचे, चित्रेही त्यांचीच. टोप्या विकणारा झोपतो आणि माकडे टोप्या पळवतात, ही आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट त्यांच्या एका पुस्तकात आहे. तिथला टोपीवाला इंडोनेशियातली काळी पेची टोपी विकतो, एवढाच फरक.

ते घरोघरी पोचले ते ‘सी उन्यिल’ या बाहुल्यांच्या मालिकेमुळे. ५ एप्रिल १९८१ पासून ती सरकारी दूरचित्रवाणीवर रविवारी सकाळी लागू लागली. तेव्हा देशात ती एकच वाहिनी होती, त्यामुळे सगळ्या मुलांनी उन्यिल पाहिला. निर्मिती सरकारी चित्रपट संस्थेची, पटकथा कुर्नैन सुहार्दिमान यांची आणि बाहुल्या सुयादींच्या. सुकामाजू नावाच्या काल्पनिक गावात उन्यिल, उच्रित आणि उस्रो हे मित्र राहतात. चिनी वंशाची मेइलानी आहे, रुजाक, म्हणजे तिखट-गोड मसाल्यातल्या फळांच्या फोडी, विकणारी मादुरा बेटावरची बू बारिआह आहे. गस्तीच्या चौकीत बसून राहणारा पाक ओगाह कुणाचेही काम करण्याआधी शंभर रुपिया मागतो. रस्त्यावर गाड्यांना वाट करून देऊन सुटे पैसे मागणाऱ्यांना तिथे आजही पाक ओगाहच म्हणतात.

आणि पाक रादेन. जावाच्या खानदानी घराण्यातले, मोठ्या मिशांचे, तापट आणि कंजूष. गावाने श्रमदान ठरवले की यांचा संधिवात नेमका उफाळतो. हा आवाज खुद्द सुयादींचा. पुढे तोच पोशाख, तीच मिशी आणि हातात काठी घेऊन ते मुलांसमोर जात, मोठ्या कागदावर चित्र काढत काढत गोष्ट सांगत. लोक त्यांना पाक रादेन याच नावाने ओळखू लागले. आमच्या मते सुयादींचे मोठेपण इथे आहे: मोठ्या माणसांचे दोष त्यांनी मुलांपासून लपवले नाहीत आणि त्या माणसांचा तिरस्कारही शिकवला नाही. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी जाकार्तात त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस इंडोनेशियात राष्ट्रीय कथाकथन दिन म्हणून पाळतात.

संचात काय आहे

कागदी लगद्याची न रंगवलेली दोन डोकी, पॉपलिनचे दोन अंगरखे, पुठ्ठ्याच्या चार नळ्या (दोन जादा), काळी लोकर आणि स्पंजची पट्टी. रंग तुमचे. ॲक्रिलिकच घ्या, पोस्टर कलर तळहाताच्या घामाने सुटतो आणि अंगरख्याला लागतो.

जोडणी

आधी डोके रंगवा. बाहुली पडद्याच्या वर असते आणि मुले खाली बसलेली असतात, म्हणून बुबुळे किंचित खालच्या बाजूला काढा. बरोबर मध्ये काढली तर बाहुली मुलांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहते. रंग रात्रभर वाळू द्या.

मग मानेची नळी. ती तर्जनीच्या दुसऱ्या पेरापर्यंत यावी आणि घट्ट बसावी. बहुतेक तक्रारी याच जागेच्या असतात: नळी सैल असेल तर मान फिरते आणि पात्र बोलताना भलतीकडे पाहते. अशा वेळी आतून स्पंजची पट्टी चिकटवा. नळीचा एक सेंटिमीटर भाग डोक्याबाहेर ठेवा, त्यावर अंगरख्याचा गळा ओढून दोरा पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा आणि वरून फेविकॉल लावा. नुसता फेविकॉल पुरत नाही. चार खेळांत गळा सुटतो.

मिशीसाठी लोकरीचे आठ सेंटिमीटरचे वीस धागे मधोमध बांधून नाकाखालच्या दोन भोकांतून ओवा आणि आत गाठ मारा. मिशी फक्त चिकटवली, तर मुले ती पहिल्याच दिवशी उपटतात.

चालवताना

अंगठा एका हातात, तर्जनी मानेत, मधले बोट दुसऱ्या हातात. जे पात्र बोलते तेच हलेल. दुसऱ्याने स्थिर राहून बोलणाऱ्याकडे पाहायचे. दोन्ही हलली की आवाज कुणाचा हे मुलांना कळत नाही. हात थकला की बाहुली हळूहळू पडद्यामागे बुडते आणि चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही, म्हणून सुरुवातीला चार-पाच मिनिटांचेच प्रवेश बांधा. आजोबांचा आवाज घशातून ओरडून काढू नका; सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलले की वय आपोआप येते.

सुयादींसारखे चित्र काढत सांगायचे असेल, तर पूर्ण कार्डशीट आणि जाड मार्कर घ्या. पेन्सिलीने फिकट रेषा आधीच मारून ठेवा, त्या दोन मीटरवरून दिसत नाहीत. उजव्या हाताने काढणाऱ्याने कागदाच्या डाव्या बाजूला उभे राहावे. ओळख पटवणारा भाग, म्हणजे मिशी, शेपूट किंवा टोपी, शेवटी काढा. तो आधी काढला की मुलांचे अंदाज बांधणे थांबते.

उन्यिलची बाहुली का नाही

ती बनवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. स्वतः सुयादींनाही या पात्रांच्या हक्कांसाठी अनेक वर्षे झगडावे लागले. डिसेंबर १९९५ मध्ये निर्मिती संस्थेशी दोन करार झाले: पहिल्याची मुदत पाच वर्षे, दुसऱ्यात मुदतच लिहिलेली नव्हती. तुमच्या शाळेसाठी कुणी नवे पात्र रचत असेल, तर कागदावर निर्मात्याचे नाव, वापराची मर्यादा आणि मुदत या तीन गोष्टी नक्की लिहून घ्या.

डोके ओले झाल्यास उन्हात ठेवू नका, तडा जातो. पंख्याखाली दोन दिवस वाळवा. तुटलेली नळी किंवा फाटलेला अंगरखा सुटा मिळतो. मागताना मोठ्यांच्या मापाचा हवा की मुलांच्या, ते कळवा.