ओक ठाण्यात का रुजत नाही

घोडबंदर रोडच्या नर्सरीत ‘ओक’ मागितला की हाती पडतं सिल्व्हर ओकचं रोप. ते मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावली धरायला एकोणिसाव्या शतकात भारतात आलं आणि पुढे शेताच्या बांधांवर, सोसायट्यांच्या कुंपणाकडेला पसरलं. ओकच्या कुळाशी त्याचं काही नातं नाही.

खरा सदाहरित ओक, म्हणजे क्वेर्कस इलेक्स, भूमध्य समुद्राभोवतालचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. या झाडाचा सगळा स्वभाव त्यातूनच घडलाय. पानं जाड, चिवट, वरून काळपट हिरवी. खालच्या बाजूला पांढुरकी लव, म्हणून पाणी कमी उडतं. खालच्या फांद्यांची पानं काटेरी असतात, शेळ्यामेंढ्यांपासून बचाव म्हणून. शेंड्याकडच्या पानांना मात्र काटे नसतात. तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं, त्यामुळे कोळशासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या तोडलं गेलं. लढाईत सहकाऱ्याचा जीव वाचवणाऱ्या रोमन सैनिकाला पानांचा मुकुट मिळे. तो आधी याच झाडाच्या पानांचा असे, असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. स्पेनमध्ये याच्या फळांवर डुकरं पोसतात, आणि त्यांच्या मांसाला भाव येतो तो त्यामुळेच.

इंग्लंडात हे झाड सोळाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी गेलं. समुद्राचा खारा वारा सोसतं म्हणून किनाऱ्यावर लावलं. वाइट बेटावर ते इतकं माजलं, की १९९०च्या दशकात आवरायला शेळ्या सोडाव्या लागल्या! काटेरी पानांचा तिथे काही उपयोग झाला नसावा.

लागवडीत मुख्य अडचण बियांची. फळ वाळलं की उगवण संपते, म्हणून ताजंच पेरावं लागतं. सोटमूळ लवकर खोल जातं. म्हणून कुंडी उंच हवी आणि रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावलेलं बरं. जमिनीत पाणी साचलेलं त्याला सोसत नाही.

ठाण्यात नेमकं उलटं. जून ते सप्टेंबरात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि थंडी नावापुरती. येऊरच्या जंगलातच काय, अख्ख्या सह्याद्रीत ओक आपणहून उगवत नाही. त्यामुळे इथे हा हट्ट धरू नये, असं माझं मत. बारमाही हिरवी सावली हवी तर बकुळ आहेच, फुलांच्या वासासकट. सदाहरित ओक पाहायचाच असेल, तर नैनिताल-मसुरीकडे बांज बघावा. तो याच वंशातला, आणि तिथल्या डोंगरउतारांवर त्याची जंगलंच्या जंगलं आहेत.