अमेरिकेत सोलो उड्डाणाची परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि धावपट्टीलगतचे नियम

महाराष्ट्रातून वैमानिक प्रशिक्षणासाठी अमेरिकेला जाणारे विद्यार्थी प्रवेश, शुल्क आणि व्हिसा यांची बारकाईने चौकशी करतात. मात्र तेथे विमान प्रथम एकट्याने उडवण्याची, म्हणजे सोलोची, मुभा अखेरीस प्रशिक्षकाच्या लेखी शेऱ्यावर मिळते आणि हा शेरा देताना विद्यार्थी विमान जमिनीवर कसे हाताळतो, हेही पाहिले जाते.

विमानासाठीचे विद्यार्थी वैमानिक प्रमाणपत्र मिळण्यास वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता व समजता यावी लागते. पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी मान्यताप्राप्त संस्थेकडून आय-२० हे प्रवेशाचे पात्रतापत्र मिळवून सामान्यतः एम-१ हा व्यावसायिक प्रशिक्षणाचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्याशिवाय परदेशी नागरिकाला उड्डाणाचे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, म्हणजे टीएसएची, मंजुरी आवश्यक असते. तिच्यासाठी पासपोर्टचा तपशील आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात.

प्रमाणपत्राचा अर्ज अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, आयाक्रा या संकेतस्थळावर भरून प्रशिक्षकासमोर ओळख पटवावी लागते. अमेरिकेत निवासाचा पत्ता नसलेल्या अर्जदारास २०२५ पासून तेथील एक प्रतिनिधी नेमून त्याची नोंद करावी लागते, आणि ही अट अनेकांना ऐनवेळी कळते. वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळे असते: मेडएक्स्प्रेस या एफएएच्या संकेतस्थळावर माहिती भरून एफएएने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सोलोसाठी तृतीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र पुरते, परंतु व्यावसायिक वैमानिक व्हायचे असेल तर मोठे शुल्क भरण्यापूर्वीच प्रथम श्रेणीची तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

सोलोपूर्वी एफएएच्या नियमांतील कलम ६१.८७ नुसार प्रशिक्षक लेखी परीक्षा घेतो आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराची विद्यार्थ्याशी चर्चा करतो. सोलो ज्या विमानतळावर करायचा तेथील कार्यपद्धतीवरही या परीक्षेत प्रश्न असतात, त्यामुळे त्या विमानतळाचा अधिकृत नकाशा हेही एक आवश्यक कागदपत्रच समजावे. ज्या वळणांवर पूर्वी चुका झाल्या आहेत किंवा होण्याचा संभव आहे, ती ठिकाणे नकाशावर ‘हॉट स्पॉट’ म्हणून दाखवलेली असतात. फिनिक्सचे डीअर व्हॅली हे प्रशिक्षण विमानांनी गजबजलेले विमानतळ आहे. तेथे एकाच क्रमांकाच्या दोन समांतर धावपट्ट्या, डावी व उजवी, असल्याने रेडिओवर डावी की उजवी हे नीट ऐकले नाही, तर क्रमांक बरोबर असूनही धावपट्टी चुकू शकते.

धावपट्टीच्या तोंडाशी टॅक्सीवेवर, म्हणजे विमान जमिनीवरून ये-जा करते त्या मार्गावर, चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असतील आणि नियंत्रण टॉवर कार्यरत असेल, तर परवानगीवाचून त्या ओलांडायच्या नाहीत. तुटक रेषा आपल्या बाजूला असतील, तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडत असतो आणि संपूर्ण विमान रेषांपलीकडे नेऊनच थांबायचे असते. २०१० पासून वाटेतली प्रत्येक धावपट्टी ओलांडण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, मग ती बंद असो वा वापरात नसो. ‘होल्ड शॉर्ट’ (धावपट्टीच्या अलीकडे थांबा) ही सूचना धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणून दाखवावीच लागते. नुसते ‘रॉजर’ (संदेश मिळाला) चालत नाही. वाट चुकल्याची शंका येताच थांबून ‘प्रोग्रेसिव्ह टॅक्सी’ची विनंती करावी, म्हणजे नियंत्रक वळणावळणाने मार्ग सांगतो. नवशिक्याला ही विनंती करण्याचा संकोच वाटतो, पण तो अनाठायी आहे. टॉवर नसलेल्या विमानतळावर परवानगी देणारे कोणी नसते. तेथे सर्वांसाठी सामाईक असलेल्या रेडिओ वारंवारितेवर आपली हालचाल घोषित करून, दोन्ही बाजू पाहूनच पुढे जायचे.

परवानगीविना विमान धावपट्टीवर गेल्यास ती वैमानिकाकडून झालेली नियमबाह्य कृती म्हणून नोंदली जाऊ शकते, आणि विद्यार्थी असल्याची सबब पुढे करून ती टळत नाही. नासाच्या सुरक्षा अहवाल प्रणालीकडे १० दिवसांत लेखी अहवाल पाठवल्यास, चूक हेतुपुरस्सर नसेल व इतर अटी पूर्ण होत असतील, तर कायद्याचा भंग सिद्ध होऊनही दंड किंवा परवाना निलंबन टळू शकते.

प्रशिक्षकाचा सोलो शेरा त्याच प्रकारच्या व मॉडेलच्या विमानापुरता आणि ९० दिवसांपुरता असतो. प्रत्येक सोलोला प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र जवळ असावे; प्रवासी मात्र नेता येत नाही.