तक्रार केली की घर सुटतं? अजिबात नाही

आपल्या सोलापुरात अजूनपण बायका एकमेकींना सांगतात, घर सासऱ्याच्या नावावर आहे बाई, घरातल्या छळाची तक्रार केलीस तर रस्त्यावर येशील. साफ चुकीचंय हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १७ आहे, राहत्या घरात राहायचा हक्क बाईला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंपण सांगितलंय की सासऱ्याच्या मालकीचं घरसुद्धा यात येऊ शकतं. आणि हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही हो, दिवसभर विड्या वळून आणलेले पैसे हिसकावून घेणं, रोज घाण बोलणं, हेपण त्यातच येतं. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, जीवावर बेतलं तर ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही.