ईस्टरचे अंडे आणि वाढता दिवस

लंडनच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांचा होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत १४ तासांच्या जवळ पोहोचतो. विजेचे दिवे नव्हते त्या काळी उत्तर युरोपातील शेतकऱ्याला हा फरक खुराड्यातही दिसत असे, कारण हिवाळाभर जवळजवळ थांबलेल्या कोंबड्या दिवस वाढू लागताच पुन्हा अंड्यावर येत. येशूच्या पुनरुत्थानाच्या ईस्टर या सणाशी अंडे कसे जोडले गेले हे सांगताना बहुतेक लेखक थेट प्रतीकांकडे वळतात. माझ्या मते आधी खुराड्यात डोकावलेले बरे.

पक्ष्यांना वसंताची चाहूल उबेने लागते, असा समज पूर्वी होता. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात जुंको नावाचे लहान पक्षी भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि सूर्यास्तानंतर दिवे लावून त्यांचा दिवस कृत्रिमरीत्या लांबवला. थंडी कडाक्याची असूनही त्या पक्ष्यांच्या आक्रसलेल्या जननग्रंथी वाढू लागल्या. पुढच्या दशकात फ्रान्समधील जाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले, की हा प्रकाश ओळखायला डोळ्यांचीही गरज नसते. तो कवटीतून झिरपून मेंदूच्या खोलवरच्या प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोहोचतो. तेथून पुढची साखळी जपानी लावा पक्ष्यांवरील संशोधनातून उलगडली: लांब दिवसाच्या संकेतामुळे मेंदूच्या तळाशी थायरॉइड संप्रेरकाचे सक्रिय रूप वाढते, पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी जागी होते, आणि तिच्या संप्रेरकांमुळे मादीच्या अंडाशयात बलक भरू लागतो.

आता या जैविक घड्याळाशेजारी चर्चचे कॅलेंडर ठेवून पाहा. मार्च २१ किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या गणिती कोष्टकातली असते, आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये सण मार्च २२ ते एप्रिल २५ यांच्या दरम्यान पडतो. त्याआधीचे ४० दिवस उपवासाचे. इंग्रजीत या काळाला ‘लेंट’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ वसंतासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दात, बहुधा दिवस ‘लांबण्या’च्या कल्पनेत आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या ६९२ सालच्या धर्मसभेने या उपवासात अंडी आणि चीज वर्ज्य ठरवले, आणि मध्ययुगीन पश्चिम युरोपातही अंडी टाळली जात. कोंबड्यांना अर्थातच हा नियम ठाऊक नव्हता. त्या नेमक्या याच आठवड्यांत भराभर अंडी देत, आणि ती खायला मनाई असल्याने साठत जात. न धुतलेल्या अंड्यावरचे नैसर्गिक पातळ आवरण जंतूंना बराच काळ अडवते, त्यामुळे थंड हवेत अंडी काही आठवडे टिकत. उपवास सुटण्याच्या दिवशी घराघरांत अंड्यांची चंगळ असणे मग ओघानेच आले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ईस्टरसाठी सजवायच्या ४५० अंड्यांवर १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे.

बायबलच्या पुनरुत्थानाच्या वृत्तांतात मात्र अंडे कोठेही नाही. शुक्रवारी क्रुसावर मरण पावलेल्या येशूची कबर रविवारी पहाटे स्त्रियांना रिकामी आढळते आणि तोंडावरची धोंड बाजूला सरलेली दिसते, ही त्या श्रद्धेची मध्यवर्ती घटना. तिचा अर्थ सांगताना आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल दाण्याचा दाखला देतो: पेरलेला दाणा मेल्यावाचून जिवंत होत नाही. ख्रिस्ताला तो ‘प्रथमफळ’ म्हणतो, आणि हा शब्दही पिकाचाच आहे, कारण पॅलेस्टाइनमध्ये वल्हांडण या ज्यू सणाचे दिवस म्हणजे जवाच्या कापणीची सुरुवात. बंद कबर आणि त्यातून बाहेर पडणारे जीवन असा अर्थ अंड्याला मागाहून मिळाला. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत अंडी लाल रंगवतात, ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून.

गंमत अशी, की अंडे फुटण्याची खरी प्रक्रिया या रूपकाहून अधिक गुंतागुंतीची आहे. २१ दिवसांच्या उबवणीत पिल्लू आपल्या हाडांसाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम कवचातूनच शोषून घेते. म्हणजे कवच आतून झिजत जाते आणि ज्याला ते फोडायचे त्याचाच सांगाडा घडवत असते. अखेरच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू रुंद टोकाकडील हवेच्या कप्प्यात चोच खुपसून पहिला श्वास घेते, आणि चोचीवरच्या तात्पुरत्या टोकदार उंचवट्याने कवचाला आतून टोचा मारते. पूर्ण बाहेर यायला त्यापुढे एखादा दिवसही लागू शकतो.

हे सारे उत्तरेकडच्या आकाशाचे गणित आहे. ऑस्ट्रेलियात ईस्टर शरद ऋतूत येतो, दिवस आखडत असतात आणि घरच्या कोंबड्या पिसे गाळून अंडी कमी करण्याच्या बेतात असतात. मुंबईत सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, त्यामुळे वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या बेकरीत मिळणारे मार्झिपानचे (सुकामेवा आणि साखरेच्या लगद्याचे) ईस्टर अंडे इथल्या ऋतूशी फारसे नाते सांगत नाही. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना मात्र रोवन यांचा प्रयोग अंगवळणी पडलेला आहे: अंड्यावरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये ते दिवे लावून दिवस साधारण १६ तासांचा करतात, आणि त्या कोंबड्यांसाठी वसंत बाराही महिने चालू राहतो.