चौकोन वाकत नाही

नव्या दुचाकीच्या जाहिरातीत हल्ली चासीचं एक रंगीबेरंगी चित्र हमखास असतं. बरीचशी चासी निळी, कुठेकुठे लाल, खाली ‘सिम्युलेशनने सिद्ध’. बघणारा समजतो, लाल म्हणजे तुटणार, निळं म्हणजे पक्कं. तसं काही नसतं. बहुतेक सॉफ्टवेअर त्या चित्रातल्या सर्वांत मोठ्या ताणाला आपोआप लाल रंग देतं. चासीवर चिमणी बसवली तरी कुठेतरी लाल दिसणारच.

या चित्रामागे असते फायनाइट एलिमेंट मेथड, म्हणजे एफईएम. अख्ख्या वस्तूचं समीकरण सुटत नाही, म्हणून तिचे छोटे तुकडे पाडायचे, तुकड्यांचे कोपरे किती सरकले ते शोधायचं आणि मधला भाग कोपऱ्यांवरून अंदाजाने भरायचा. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी 1956 मध्ये विमानांच्या रचनेसाठी ही रीत मांडली. नाव क्लफने 1960 मध्ये दिलं. बीईला बहुतेकांची मजल इथवर जाते. एमटेकला ‘अ‍ॅडव्हान्स्ड एफईएम’ घेतलं की कळतं, सगळी गोम त्या ‘अंदाजाने भरायचा’मध्ये आहे.

सर्वांत साधा चौकोनी तुकडा घ्या, फक्त चार कोपऱ्यांचा. त्याच्या बाजू काहीही झालं तरी सरळच राहतात. आता एक पट्टी वाकवा. एक कड आखडते, दुसरी ताणली जाते, दोन्ही कडांना बाक येतो, पण आतले काटकोन काटकोनच राहतात. चौकोनाला बाक जमत नाही. कोपरे तेवढेच सरकवले की त्याचा समलंब होतो आणि काटकोन मोडतात. काटकोन मोडणं म्हणजेच शिअर. खऱ्या पट्टीत नसलेला शिअर हिशेबात घुसतो, त्याला ऊर्जा लागते, आणि तुकडा वाकायलाच तयार होत नाही. हे शिअर लॉकिंग.

किती ताठ? हिशेब वहीच्या अर्ध्या पानात बसतो. मध्यापासून लांबीच्या दिशेने क्ष आणि उंचीच्या दिशेने य मोजा; आडवी सरक क्ष×य धरा, उभी शून्य. मग लांबीची विकृती, म्हणजे ताणलं-आखडलं जाण्याचं प्रमाण, येते य आणि नको असलेला शिअर येतो क्ष. एकूण ऊर्जेला खऱ्या वाकण्याच्या ऊर्जेने भागा (पॉइसनचं गुणोत्तर, म्हणजे ताणल्यावर वस्तू बाजूंनी किती आखडते ते, सोयीसाठी शून्य). उत्तर: 1 + ½(लांबी/उंची)². चौरस तुकडा दीडपट ताठ. लांबी उंचीच्या दहापट असेल तर 51 पट!

यावरचा पहिला उपाय जरा खोडसाळच. ऊर्जेची बेरीज संगणक तुकड्यातल्या चार ठरावीक जागी, म्हणजे गाउस बिंदूंवर, करतो. त्याऐवजी मध्यावरचा एकच घ्या. तिथे क्ष शून्य, म्हणजे शिअर गायब. पण तिथे य सुद्धा शून्य! वाकण्याची ऊर्जाही गेली. मघाचा हट्टी तुकडा आता फुकटात वाकतो आणि मेशभर, म्हणजे तुकड्यांच्या अख्ख्या जाळीभर, वाळूच्या घड्याळाचे आकार उमटतात. अबॅकस या एफईएमच्या सॉफ्टवेअरमध्ये चार कोपऱ्यांच्या तुकड्याचं नाव सीपीएस4; त्याच्या मागे ‘आर’ लागला की हाच एकबिंदू तुकडा मिळतो. तो डचमळू नये म्हणून सॉफ्टवेअर आतून कृत्रिम ताठपणा घालतं.

असल्या बारकाव्यांची किंमत मोजावी लागते. 23 ऑगस्ट 1991 ला नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ ‘स्लाइपनर ए’ या, समुद्रातून वायू काढण्याच्या फलाटाचा काँक्रीटचा तळ पाण्यात उतरवताना भिंत फुटून बुडाला. माणसं वाचली. तिथला दोष नेमका लॉकिंगचा नव्हता, पण जातकुळी तीच: नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरमधली मेश जाडीभरडी, तुकडे तिरके, आणि मोक्याच्या भिंतींमधला शिअर 47 टक्के कमी आलेला. नंतर बारीक मेशने हिशेब केला, तेव्हा भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती.

खंडेनवमीला संगणकाला झेंडूची माळ घालतात, खुशाल घाला. पण मेश दुप्पट बारीक करून उत्तर बदलतं का, हे न बघता रिपोर्ट पाठवणं ही त्याहून मोठी अंधश्रद्धा.

लॉकिंगवरचा माझा आवडता तोडगा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विल्सन मंडळींचा, 1973 चा. त्यांनी तुकड्याला आतल्या आत बाक घेण्याची मुभा दिली, शेजाऱ्याशी न जुळता. मधे फटी पडल्या तरी चालतील! गणिताचे नियम सरळ मोडले, तरी आयताकृती तुकड्यांची उत्तरं झकास येत. वेडावाकडा चौकोन मात्र पॅच टेस्टमध्ये, म्हणजे सर्वत्र सारखा ताण दाखवण्याच्या साध्या परीक्षेत, नापास होई. टेलर, बेरेसफर्ड आणि विल्सन यांनी 1976 मध्ये तेही दुरुस्त केलं. अबॅकसच्या यादीत सीपीएस4 च्या मागे ‘आय’ दिसतो, तो याच घराण्यातला.