देसाईगंज खटला आणि १९८३ ची कायदा दुरुस्ती

बलात्काराच्या कायद्यात 'संमती' कशाला म्हणायचं यावरून देशभर आंदोलन पेटलं ते या खटल्यामुळे. कागदोपत्री नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (तुकाराम हा आरोपी पोलिसांपैकी एक), पण लोक तो पीडित मुलीच्या नावानेच ओळखतात. पीडितेचं नाव छापायला बंदी आली ती याच खटल्यानंतरच्या दुरुस्तीत, त्यामुळे इथे ते नाव मुद्दामच घेतलेलं नाही.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. आईवडील नसलेली एक आदिवासी मुलगी, वय १४ ते १६ च्या मधलं, भावाने केलेल्या तक्रारीच्या जबाबासाठी पोलीस ठाण्यात आली होती. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. आरोप ड्युटीवरच्याच दोन पोलिसांवर, आणि तिचे लोक तेव्हा ठाण्याच्या बाहेरच उभे.

सेशन कोर्टाने १९७४ ला दोघांना सोडलं, कारण काय तर मुलीला शरीरसंबंधांची 'सवय' होती म्हणून तिची संमतीच असणार. १९७६ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला आणि एकाला ५ वर्षं, दुसऱ्याला १ वर्ष शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहून शरीर हवाली करणं म्हणजे संमती नव्हे, असं हायकोर्टाने स्पष्ट म्हटलं (सगळ्या प्रकरणातलं शहाणपणाचं वाक्य हेच). पण सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, म्हणजे विरोध केलाच नाही असा तर्क. आता रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यातच पोलिसाविरुद्ध ओरडून बोलवायचं कुणाला?

निकाल लागून वर्षभर फारसं कुणी बोललं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि तिथून चक्र फिरलं. मुद्दा साधाच होता, शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. १९८० मध्ये मुंबईत बायकांनी यासाठी फोरम काढला, त्याच वर्षी ८ मार्चला बऱ्याच शहरांत मोर्चे निघाले, कायद्यात बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाचा ८४ वा अहवालही १९८० चाच.

दुरुस्ती यायला १९८३ उजाडलं. पुरावा कायद्यात कलम ११४अ आलं. पोलीस कोठडी, तुरुंग, हॉस्पिटल अशा ठिकाणी शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने कोर्टात 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर कोर्टाने ती नव्हती असंच धरून चालायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. अशा गुन्ह्यांना किमान १० वर्षं शिक्षा, सुनावणी बंद दाराआड, आणि नाव उघड करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद. हेच ११४अ आता पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष अधिनियमात कलम १२० म्हणून आहे.

पण ज्या 'सवयी'वरून सेशन कोर्टाने आरोपी सोडले होते तो मुद्दा तसाच राहिला. तक्रारदार बाई 'बदचलन' आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम १५५(४) पुढे जवळपास २० वर्षं पुस्तकात होतं, ते निघालं २००२ च्या दुरुस्तीने. आणि नुसत्या विरोध न करण्याला संमती समजू नये हे बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलं गेलं ते थेट २०१३ मध्ये, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार धरायची नाही हा अपवाद काढा असंही त्या समितीने सांगितलं होतं, पण तो दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अजून आहे.

फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही, त्यामुळे देसाईगंजच्या त्या दोन पोलिसांची सुटका कायमच राहिली.