फास्टिंग इन्सुलिन, भात आणि बीपीची गोळी

सांगलीच्या आमराईत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पा म्हणजे द्राक्षांचा दर, हळदीचा सौदा आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी. २०१८च्या सुमारास त्यात ‘तुमचं फास्टिंग इन्सुलिन (उपाशीपोटी रक्तात असलेलं इन्सुलिन) किती आलं?’ हा प्रश्न घुसला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर बेतलेला, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचा आहार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मराठी घरांत पोचवला होता. दीक्षित की थोडं थोडं खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, म्हणजे ‘दीक्षित की दिवेकर’, यावर लग्नाच्या पंगतीतही वाद रंगायचे. पण पोट उतरवायला धरलेल्या आहाराने बीपीही का उतरतं, हे त्या वादात फारसं कुणी विचारलं नाही.

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं स्वादुपिंडाचं संप्रेरक, सापडलं, तेव्हा हिशेब सरळ वाटला: इन्सुलिन कमी पडलं की मधुमेह. १९३६ साली लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिलं, की काही रुग्णांना टोचलेलं इन्सुलिन धड लागूच पडत नाही. पुढे १९६० साली रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजलं, तर उतारवयात साखर लागलेल्यांमध्ये ते बरेचदा जास्तच निघालं. स्वादुपिंड राबतंय, पेशी दाद देत नाहीत. याचंच नाव इन्सुलिन रेझिस्टन्स.

बीपीचा धागा यात जुळला तो १९८८ साली. अमेरिकेच्या जेराल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात वाढलेलं बीपी, ट्रायग्लिसराईड (रक्तातली एक चरबी) आणि साखर एकाच मुळाशी नेऊन बांधली आणि त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. कारण मूत्रपिंडात आहे. इन्सुलिन चढलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, मिठामागे पाणी थांबतं, शिवाय शिरा आवळणाऱ्या मज्जासंस्थेलाही जोर येतो. खाणं आटोक्यात आलं की इन्सुलिन उतरतं आणि अडलेलं मीठपाणी लघवीवाटे सुटतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन-तीन किलो कमी दिसतात, त्यात चरबीपेक्षा पाणीच अधिक. पेढे मात्र तेव्हाच वाटले जातात.

या इतिहासातलं मला सगळ्यात गमतीचं वाटणारं प्रकरण भाताचं आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले डॉ. वॉल्टर केम्पनर १९४०च्या दशकात ड्यूक विद्यापीठात बीपीच्या गंभीर रुग्णांना भात, फळं, फळांचा रस आणि चक्क साखर खाऊ घालत. तेव्हा बीपीवर धड औषधं नव्हती. तरी कित्येकांचं बीपी उतरलं, काहींची रक्तातली साखरही. आपल्याकडे साखर निघाली की ताटातून आधी भात उठतो. केम्पनरांचं मर्म असं, की त्या ताटात मीठ जवळपास नव्हतंच, चरबी नव्हती आणि वजनही घटत होतं. आपण भात सोडतो आणि भाकरीशेजारी ठेचा, लोणचं, पापड, वर संध्याकाळी भडंग तसंच ठेवतो.

वजन जागच्या जागी ठेवूनही ताट बदललं तर बीपी हलतं, हे १९९७ साली ‘डॅश’ या अमेरिकी प्रयोगाने दाखवलं: भरपूर फळं-भाज्या, कमी चरबीचं दूध. इन्सुलिन रेझिस्टन्सला मात्र वजनाचीच, त्यातही पोटाच्या घेराची, भाषा जास्त कळते. म्हणून ‘मी कुठे जाडा आहे?’ हा आपला युक्तिवाद लंगडा पडतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे काका आमराईत दर बाकड्यावर सापडतील.

ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात रोज ८२५ ते ८५३ कॅलरींवर तीन ते पाच महिने काढलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षअखेरीस गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले. बातमीत हा आकडा झळकला. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मागे राहिली: आहार सुरू होताना डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्यांबरोबर बीपीच्या गोळ्याही थांबवल्या होत्या आणि पुढे तपासण्या चालू ठेवल्या होत्या. आपल्याकडे आहार व्हॉट्सॲपवरून सुरू होतो आणि गोळी मात्र जुन्याच डोसची. मग बीपी नको तितकं उतरतं, चौथ्या-पाचव्या दिवशी बाकड्यावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, दोन घास जास्त खा.